राकट माणसांचा हिशेब

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात एक तरी असा पुरुष होऊन गेलेला असतो, की ज्याचे नाव निघताच बैठकीतील आवाज थोडा चढतो. तो भर पुरात नदी पोहून गेलेला असतो, त्याने एकट्याने रानातून रात्रीची वाट तुडवलेली असते, मोडलेला हात फडक्यात बांधून त्याने त्या दिवसाची नांगरट पुरी केलेली असते. हे सारे सांगून झाल्यावर सांगणारा सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, ‘‘आता तशी माणसे राहिली नाहीत!’’ हाच गृहस्थ घरात कसा होता, हे मात्र आजीला विचारावे लागते. आणि आजी बहुधा काही बोलत नाही.

त्या सुस्काऱ्यात कितपत तथ्य आहे, हे तपासून पाहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. परंतु आपल्या घरच्या पराक्रमी पुरुषांच्या कथांना कागदाचा पुरावा नसतो आणि दर पिढीला पुराचे पाणी हातभर चढत जाते. म्हणून या तपासासाठी मी आपल्याला फार दूर, दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात नेणार आहे. तेथे गेलेल्या काही माणसांची धिटाई व त्यांचे दोष हे दोन्ही त्यांच्याच रोजनिश्यांत, त्या त्या दिवशीच्या तारखेसह नोंदलेले आहेत. आणि त्यांच्यातील एकाने काढलेली छायाचित्रेही उपलब्ध आहेत. इतका स्वच्छ पुरावा राकट माणसांच्या बाबतीत क्वचितच मिळतो.

सर अर्नेस्ट शॅकल्टन हे नाव आपण ऐकले असेल. त्याचा जन्म १८७४ साली आयर्लंडमध्ये झाला. सोळाव्या वर्षी तो खलाशी म्हणून समुद्रावर गेला. १९०१ साली निघालेल्या कप्तान स्कॉटच्या मोहिमेत तो होता. तेथून आजारी पडून त्याला मध्येच परतावे लागले, आणि ते शल्य त्याच्या मनात राहिले. पुढे त्याने स्वतःची मोहीम काढली. ९ जानेवारी १९०९ रोजी तो व त्याचे तीन सोबती ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशापर्यंत पोहोचले. ध्रुव तेथून केवळ ९७ सागरी मैल राहिला होता. त्यापूर्वी कोणीही इतक्या दक्षिणेस गेले नव्हते. अन्न संपत आले होते. पुढे गेले असते तर ध्रुव गाठता आला असता, परत येणे मात्र शक्य नव्हते. शॅकल्टन मागे वळला. मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव पत्करले, अशा अर्थाचे काही त्याने नंतर पत्नीला म्हटले होते. त्या परतीच्या वाटेवर त्याने आपल्या वाट्याचे एकुलते एक बिस्किट फ्रँक वाइल्ड या दुर्बल झालेल्या सोबत्याला बळेच दिले. हजारो पौंडांनीही ते बिस्किट विकत मिळाले नसते, असे वाइल्डने त्या दिवशीच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

मला स्वतःला शॅकल्टनच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत कणखर कृत्य हे माघारी वळणे वाटते. परंतु माघारीचे पोवाडे कोणी गात नाही. सुमारे तीन वर्षांत आमुंडसेन व स्कॉट हे दोघेही ध्रुवावर जाऊन पोहोचले, आणि शॅकल्टनला करण्याजोगे दुसरे काही तरी मोठे शोधणे भाग पडले. त्याने ठरवले, की एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत तो सारा खंडच चालत ओलांडायचा.

या मोहिमेसाठी त्याने वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली होती, असे सांगतात: धोक्याची सफर, तुटपुंजा पगार, कडाक्याची थंडी, परत येण्याची खात्री नाही. ही जाहिरात आजही उत्साहाने उद्धृत केली जाते. पुष्कळांनी जुनी वर्तमानपत्रे धुंडाळली. ती मुळात छापलेली कोणाला सापडलेली नाही. आपल्या घरच्या पुराचे पाणी चढते, तसेच हे. मोहिमेत येण्यासाठी सुमारे पाच हजार अर्ज आले, ही गोष्ट मात्र सांगितली जाते, आणि त्यांत तीन तरुणींनी मिळून केलेला एक अर्ज होता. आम्ही काटक आहोत, हवे तर पुरुषांचा वेष करू, असे त्यांनी कळवले होते. स्त्रियांसाठी जागा नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर त्यांना गेले.

‘एन्ड्युअरन्स’ हे जहाज अठ्ठावीस माणसांना घेऊन ५ डिसेंबर १९१४ रोजी साउथ जॉर्जिया बेटावरून दक्षिणेकडे निघाले. जानेवारीत ते बर्फात अडकले, दहा महिने बर्फाबरोबर वाहत राहिले, आणि अखेर बर्फाच्या दाबाखाली चिरडून २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडाले. ज्या खंडावरून चालत जायचे होते, त्यावर पाऊल ठेवण्याचाही योग आला नाही. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे जहाज त्या काळचे सर्वांत बळकट म्हणून गाजले होते. परंतु फिनलंडमधील एका संशोधकाने २०२५ साली दाखवून दिले, की बर्फाचा दाब सोसण्यासाठी लागणाऱ्या आडव्या तुळया त्यात पुरेशा नव्हत्या, आणि शॅकल्टनला ही उणीव ठाऊक असावी. तरीही तो त्याच जहाजातून निघाला.

आता या कथेतील दुसऱ्या माणसाकडे वळू. हॅरी मॅकनिश हा जहाजावरील सुतार. तो स्कॉटलंडचा, जन्मसाल शॅकल्टनचेच, १८७४. तोंडाचा फटकळ, मताचा हट्टी, आणि हाताने असा कुशल, की मोजमाप न करता केवळ नजरेने लाकूड कापावे आणि ते जागेवर चपखल बसावे. जहाजात पाणी शिरू लागले, तेव्हा ते अडवण्यासाठी त्याने गोठत्या पाण्यात तासन्‌तास उभे राहून आतून बांध घातला होता. त्याने बरोबर एक मांजर आणले होते. इंग्रजी जहाजांवर सुताराला ‘चिप्पी’ म्हणण्याची रीत आहे; मांजर सदा त्याच्या मागे मागे असे, म्हणून खलाशांनी त्याचे नाव ‘मिसेस चिप्पी’ ठेवले. पुढे ते बोका असल्याचे उघडकीस आले, परंतु नाव तेच राहिले.

जहाज सोडल्यावर शॅकल्टनने आज्ञा केली, की जी जनावरे ओझे ओढू शकत नाहीत, ती मारावीत. काही पिल्लांबरोबर मांजरही गोळी घालून मारण्यात आले. अन्नाचा हिशेब पाहता त्या आज्ञेत चूक काढणे कठीण आहे. सुताराने त्यात चूक काढली नाही. पण त्याने क्षमाही केली नाही.

डिसेंबर अखेर दोन होड्या बर्फावरून ओढत नेण्याचे काम चालू होते. बर्फ पिठासारखा भुसभुशीत, पाय मांडीपर्यंत रुतणारे, आणि होड्यांचे तळ प्रत्येक हिसक्याला खिळखिळे होणारे. सुताराच्या डोळ्यांदेखत त्याच्या होड्यांची ही दशा होत होती. २७ डिसेंबर रोजी तो थांबला आणि पुढे जाण्यास त्याने साफ नकार दिला. जहाज बुडाले म्हणजे नोकरीचा करार संपला, आता कोणाचा हुकूम मानण्याचे मला कारण नाही, असे त्याने सर्वांदेखत सांगितले. शॅकल्टनने सर्वांना एकत्र केले, करार वाचून दाखवला आणि तो अजून लागू आहे हे बजावले. थोड्या वेळाने सुतार आपल्या जागी गेला. दोनएक दिवसांतच शॅकल्टनलाही दिसून आले, की या बर्फावरून होड्या ओढणे अशक्य आहे. आणि ते काम त्याने थांबवले. म्हणजे सुताराचे म्हणणे बहुतांशी बरोबर होते. वेळ आणि रीत मात्र चुकीची होती. अठ्ठावीस माणसे एका नेत्याच्या शब्दावर जगत असताना तो शब्द चारचौघांत मोडायचा नसतो. शॅकल्टनने आपल्या रोजनिशीत नोंद केली, की ऐन अडचणीच्या वेळी या सुताराने जे केले ते मी विसरणार नाही. आणि तो विसरला नाही.

एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटला. होड्या पाण्यात घातल्या आणि सहा-सात दिवसांच्या यातनांनंतर सारे जण एलिफंट बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर पोहोचले. तेथे कोणीही शोधायला येणार नव्हते. सर्वांत मोठी होडी ‘जेम्स केअर्ड’, लांबी जेमतेम साडेबावीस फूट, घेऊन साउथ जॉर्जियापर्यंत सुमारे आठशे सागरी मैलांचा समुद्र पार करायचा, असे शॅकल्टनने ठरवले. पृथ्वीवर त्याहून खवळलेला समुद्र नाही. ही उघडी होडी त्या समुद्राला लायक कोणी केली? मॅकनिशने. त्याने तिच्या कडा आधीच उंच केल्या होत्या. आता खोक्यांच्या फळ्या व स्लेजच्या पट्ट्या ठोकून त्याने तिच्यावर सांगाडा उभारला, आणि चरबीच्या चुलीवर गोठलेले कापड मऊ करून त्याचे आच्छादन त्यावर ताणून बसवले. फटी बुजवायला त्याने दिव्याची वात घेतली, चित्रकाराचे तैलरंग घेतले आणि सीलचे रक्त घेतले.

होडीत सहा जण निघाले आणि त्यांत सुतारही होता. तो उपयोगी म्हणून घेतला, की मागे ठेवला तर कुरबुर करील म्हणून घेतला, याविषयी लिहिणाऱ्यांत मतभेद आहेत. मला वाटते, दोन्ही कारणे असावीत. सोळा दिवस ते समुद्रावर होते. अंगावरचे लोकरी कपडे पहिल्याच दिवशी भिजले ते अखेरपर्यंत सुकले नाहीत. होडीवर बर्फाचे थर चढत आणि त्या भाराने ती बुडू नये म्हणून निसरड्या कापडावर रांगत जाऊन ते कुऱ्हाडीने फोडावे लागत. कप्तान वर्स्लीला एवढ्या दिवसांत मोजक्या चारएक वेळा सूर्य दिसला. तेवढ्यावर त्याने मार्ग काढला. आणि या साऱ्यात शॅकल्टन काय करीत होता? कोणी गारठून ढासळू लागलेला दिसला, की तो सर्वांसाठी गरम दूध करण्याची आज्ञा देई. एकट्याला दिले असते, तर आपली अवस्था इतरांच्या लक्षात आली हे त्याला कळले असते आणि तो अधिकच खचला असता. एखादी घरची गृहिणी आजारी मुलाची मर्जी राखते, तशी ही मर्जी होती. राकटपणाच्या कथांत ही कपभर दुधाची गोष्ट कोणी अग्रभागी ठेवीत नाही.

१० मे रोजी होडी साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्याला लागली, परंतु नेमकी बेटाच्या निर्जन बाजूस. मध्ये कोणीही न ओलांडलेले बर्फाळ डोंगर होते. सुताराने होडीतले स्क्रू काढून बुटांच्या तळव्यांना ठोकून दिले. शॅकल्टन, वर्स्ली व टॉम क्रीन हे तिघे छत्तीस तास अखंड चालून पलीकडच्या देवमाशांच्या शिकारीच्या ठाण्यावर पोहोचले. वाटेत क्षणभर टेकताच दोघे सोबती झोपी गेले. ही झोप मरणाची आहे हे ओळखून शॅकल्टनने त्यांना पाच मिनिटांत उठवले आणि अर्धा तास झोप झाली असे खोटेच सांगितले. त्या भरवशावर ते पुढे चालले.

एलिफंट बेटावर बावीस माणसे उलट्या घातलेल्या दोन होड्यांखाली राहत होती. त्यांच्यातील एका तरुण खलाशाची हिमदंशाने सडलेली पायाची बोटे डॉक्टरांनी त्या अंधाऱ्या बिळातच कापून काढली. वाइल्ड हा त्यांचा प्रमुख होता. रोज सकाळी तो सर्वांना आपापली पथारी गुंडाळून तयार राहण्यास सांगे, कारण साहेब कदाचित आजच येतील. चार महिन्यांहून अधिक काळ त्याने हे रोज सांगितले. शॅकल्टनचे तीन प्रयत्न बर्फामुळे फसले; चौथ्या खेपेस, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिली देशाच्या ‘येल्चो’ या लहानशा बोटीतून तो आला आणि बावीसच्या बावीस माणसे जिवंत परतली.

वाचकहो, कथा सांगणारे बहुधा येथे थांबतात. आपण थोडे पुढे जाऊ. मोहिमेतील माणसांना ध्रुवपदके देण्याची वेळ आली, तेव्हा शॅकल्टनने चार नावे वगळली. त्यांत मॅकनिश होता. ज्या होडीमुळे अठ्ठावीस जीव वाचले, ती होडी समुद्रास लायक करणाऱ्या माणसाला पदक नाही! मोहिमेतील डॉक्टर मॅकलिन याने पुढे स्पष्ट म्हटले, की हा घोर अन्याय झाला आणि त्या म्हाताऱ्या सुताराइतका पदकास पात्र दुसरा कोणी नव्हता. आपल्या वाट्याचे बिस्किट देणारा आणि हा राग जपून ठेवणारा, माणूस एकच.

शॅकल्टनने एकही माणूस गमावला नाही, हे वाक्यही आपण ऐकले असेल. ते पूर्ण खरे नाही. खंडाच्या दुसऱ्या टोकाला, रॉस समुद्राच्या बाजूने, त्याच मोहिमेची दुसरी तुकडी होती. शॅकल्टन चालत येईल तेव्हा त्याला वाटेत अन्न मिळावे म्हणून साठे करून ठेवणे, हे तिचे काम. त्यांचे जहाज वादळात वाहून गेले आणि दहा जण किनाऱ्यावर अडकले. अपुऱ्या सामानानिशी, स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या अवस्थेत, शेकडो मैल चालून त्यांनी ते सारे साठे ठरलेल्या जागी नेऊन ठेवले. ज्याच्यासाठी ठेवले तो कधीच येणार नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हते. तिघे मेले: स्पेन्सर-स्मिथ, मॅकिन्टॉश आणि हेवर्ड. यांच्यावर लिहिलेली पुस्तके शोधावी लागतात.

आणि घर? शॅकल्टनची पत्नी एमिली हिने तीन मुले जवळजवळ एकटीने वाढवली. संसाराला तिच्या माहेरच्या उत्पन्नाचा आधार होता. नवऱ्याच्या व्यापारी योजना एकामागून एक फसत होत्या, परस्त्रियांशी त्याचे संबंध होते, आणि जमिनीवर त्याला करमत नसे. छातीत दुखे, पण तो डॉक्टरांना छाती तपासू देत नसे. तपासली असती तर मोहिमेवर जाणे बंद झाले असते. ५ जानेवारी १९२२ रोजी, पुन्हा एका मोहिमेच्या वाटेवर, साउथ जॉर्जियातच हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय सत्तेचाळीस. मागे कर्ज सुमारे चाळीस हजार पौंड. त्याचे शव इंग्लंडकडे नेण्यात येत होते. एमिलीने ते परत पाठवून त्याच बेटावर पुरावे असे कळवले. त्या निरोपात रोष किती आणि समजूत किती, ते तिचे तिला माहीत.

इतरांचे काय झाले? चार महिने बर्फात एकाही माणसाचा धीर सुटू न देणारा वाइल्ड पुढे दारूच्या आहारी गेला. टॉम क्रीन आपल्या आयर्लंडमधील गावी परतला, त्याने एक खानावळवजा गुत्ता काढला, त्याला दक्षिण ध्रुवाचे नाव दिले, आणि आपल्या पराक्रमाविषयी तो मरेपर्यंत फारसे बोलला नाही. या सर्वांत मला क्रीन अधिक जवळचा वाटतो, हे कबूल करतो.

तर, ‘तशी माणसे राहिली नाहीत’ या सुस्काऱ्याचे काय करायचे? २०१३ साली टिम जार्विस व त्याचे पाच सोबती तेवढ्याच होडीतून, तसेच जुन्या पद्धतीचे कपडे घालून, एलिफंट बेटावरून साउथ जॉर्जियापर्यंत गेले. म्हणजे शरीराची ती काटक शक्ती संपलेली नाही. परंतु त्यांच्या मागे मदतीची बोट होती. शॅकल्टनच्या माणसांना मागे कोणी नव्हते, आणि हे त्यांनी निवडलेले नव्हते. जहाज बुडाल्यावर दुसरा मार्गच राहिला नाही. आपल्या आजोबांनी पूर पोहून पार केला, कारण त्या नदीवर पूल नव्हता. पूल झाल्यावर नातवाने पुरात उडी घेतली नाही, म्हणून त्याला नेभळट म्हणावे काय?

शिवाय या काटकपणाला मिशाच असल्या पाहिजेत, ही समजूतही टिकलेली नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. शॅकल्टन मागे वळला तो दिवसही ९ जानेवारीचाच. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. १९१४ साली तीन तरुणींना पाठवलेल्या त्या सौजन्यपूर्ण उत्तराला हे एकोणसत्तर वर्षांनी आलेले प्रत्युत्तर म्हणता येईल.

‘एन्ड्युअरन्स’चा सांगाडा ५ मार्च २०२२ रोजी समुद्राच्या पोटात तीन हजार आठ मीटर खोल सापडला. शॅकल्टनला पुरले त्याला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे झाली होती. थंड पाण्यात लाकूड कुजले नाही. जहाजाच्या मागच्या बाजूवरील नाव आजही वाचता येते. ते लाकूड ज्याने अखेरपर्यंत सांभाळले, तो मॅकनिश शेवटी न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या धक्क्यावर कामाला होता. दुखापतीने काम सुटल्यावर काही दिवस तो धक्क्यावरच्या वखारीत ताडपत्रीखाली निजत असे. पुढे त्याला अनाथ वृद्धांच्या आश्रमात ठेवले. भेटायला येणाऱ्यांना तो शॅकल्टनची गोष्ट सांगायचा, आणि ती फिरून फिरून मांजरावर यायची, असे सांगतात. १९३० साली तो वारला. त्याला नौदलाच्या इतमामाने पुरण्यात आले, पण कबरीवर नावाचा दगड बसला तो १९५९ मध्ये. २००४ साली त्याच कबरीवर एक काशाचे मांजर बसवण्यात आले. अगदी खऱ्या मांजराएवढे.